पैशाचं सोंग

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी अठ्ठावीस वर्षांची, खराडीला नोकरीला, घर तिसऱ्या पिढीचं ख्रिस्ती. पप्पा सोळा वर्षं मंडळीचे (चर्चच्या सभासदांचे) पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्या कमिटीत. यंदाच्या कापणीच्या सणाला लिलावात त्यांनी एक भोपळा साडेतीन हजारांना घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात धुणंभांडी करणाऱ्या मावशी तापामुळे चार दिवस आल्या नाहीत, म्हणून त्यांचे साडेचारशे रुपये कापले. नाना पेठेतल्या दोन खोल्यांवरून धाकट्या काकांशी सात वर्षं अबोला आहे आणि दोघं भाऊ एकाच रविवारी, एकाच कठड्यापाशी गुडघे टेकून प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस) घेतात. तिचं म्हणणं: "हे ढोंग नाही तर काय? मी चर्चला जाणं सोडलं तर चुकलं का? आणि 'विश्वास उपासनेबाहेर जगायचा असतो' असं सगळेच म्हणतात, तर सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय?"

सलाम. मी चौतीस वर्षं पाळक होतो, त्यातली एकोणीस पुण्यात. आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणतोय.

आधी भोपळ्याबद्दल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कापणीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं, नाहीतर सरळ मंडईतून आणलेलं काहीबाही वेदीपुढे ठेवतात: कणसं, केळीचा घड, नारळ, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. वीस रुपयांची मेथीची जुडी पाचशेला जाते आणि कुणाला त्याचं वावगं वाटत नाही, कारण पैसा मंडळीच्या फंडात पडतो. मला हा सण फार आवडतो. लिलाव पुकारणारा सहसा मंडळीतला सगळ्यात वात्रट माणूस असतो आणि त्या दिवशी पाळकाचीही टिंगल चालते. तेव्हा भोपळ्याला साडेतीन हजार दिले यात ढोंग नाही. तुझे पप्पा खरोखर उदार असतील, नव्हे असतीलच. अडचण भोपळ्याला पडलेल्या टाळ्यांची आहे. मावशींना पूर्ण पगार दिला असता तर कोण टाळ्या वाजवणार होतं?

नव्या करारात ढोंग्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ रंगभूमीवरचा नट. आपल्याकडे सोंग आणि ढोंग असे दोन वेगळे शब्द आहेत, हे फार बरं आहे. सोंग घेणारा आणि बघणारा, दोघांनाही माहीत असतं की हे सोंग आहे. ढोंगात बघणाऱ्याला ते माहीत नसतं, आणि मुरलेलं ढोंग असेल तर करणाऱ्यालाही नसतं. येशूने परूश्यांना, म्हणजे त्याच्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, झोडपलं ते या मुरलेल्या ढोंगासाठी. ते पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दहावा हिस्सा मोजून देवळात देत. म्हणजे डब्यातल्या जिऱ्याचा हिशेब चोख, आणि न्याय, दया, इमान या बाबतीत शुकशुकाट. पण 'जिरं द्यायचं थांबवा' असं येशू म्हणाला नाही. तेही करा आणि हेही सोडू नका, असं म्हणाला. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, पप्पांना पाठ असेल.

म्हणून एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेव. बोलणं आणि वागणं यांच्यात अंतर असणं म्हणजे ढोंग नव्हे. ते अंतर तुझ्यात आहे, माझ्यात आहे. रागीट माणूस रविवारी शांतीचं गीत गातो आणि सोमवारी चांदणी चौकात हॉर्न वाजवून शिव्या घालतो, तेव्हा तो दुबळा आहे, ढोंगी नाही. ज्या क्षणी तो गीताचा दाखला देऊन शिव्या झाकायला लागतो, 'मी चर्चचा माणूस, मी कसा चुकेन' असं म्हणतो, तिथे ढोंग सुरू होतं. उपासना म्हणजे पावती, आणि पावती दाखवली की थकबाकी माफ, असा तो हिशेब असतो.

आमोस संदेष्ट्याने हा हिशेब ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात पकडला होता. तो तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. धान्याचे व्यापारी सणाच्या दिवशी उपासनेत बसून मनात काय म्हणतात, हे त्याने लिहून ठेवलंय: हा शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) कधी एकदाचा संपतो आणि आपण धान्याची दुकानं उघडतो! माप लहान करू, वजन मोठं करू, गव्हाबरोबर भुसाही खपवू. बघ, हे लोक उपासना बुडवत नव्हते. शब्बाथ काटेकोर पाळत होते, दुकान बंद ठेवत होते. अशांना आमोसने सांगितलं की देवाला तुमचे सण आणि तुमची गाणी यांचा वीट आलाय. मग त्याला हाकललं कुणी? व्यापाऱ्यांनी नाही. बेथेलच्या देवळातल्या याजकाने. हे राजाचं देऊळ आहे, तुझं काय ते यहुदात जाऊन बोल, म्हणाला. आम्हा पाळकांच्या शिबिरात आमोसवर अभ्यास होतो तेव्हा या भागावर आम्ही जरा लगबगीने पुढे सरकतो.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण तुझ्या पप्पांबद्दल बोलायचा अधिकार मला तेवढ्याच वाटेने मिळतो.

मी ज्या मंडळीत होतो तिथे एक शिपाई होता. नाव नको. घंटा वाजवायची, सतरंज्या झटकायच्या, फुलदाण्यांतलं पाणी बदलायचं, दफनाच्या वेळी दफनभूमीत जाऊन खड्डा नीट खणलाय ना ते बघायचं आणि पाळकाचं लाइटबिल भरायचं, अशी सगळी कामं. २०११ मध्ये त्याला महिना ३२०० रुपये होते. दर महिन्याच्या सात तारखेला तो माझ्या टेबलाशी यायचा, व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा आणि जीभ किंचित बाहेर काढून सावकाश सही करायचा. खाली माझी सही. मग खजिनदाराची. असं मी तोवर पाच वर्षं केलं होतं.

त्या वर्षी एका रविवारी मी याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायावर संदेश दिला. तुम्ही ज्या कामकऱ्यांची मजुरी अडकवून ठेवली ती मजुरी ओरडते आहे, असा तो भाग. संदेश चांगला रंगला. मी जुन्या करारातली लेवीय आणि अनुवाद ही पुस्तकं काढली, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये, सूर्य मावळायच्या आत द्यावी, हे सगळं सांगितलं. दोन बायका रडल्या. उपासनेनंतर मी झगा काढत होतो तेव्हा शिपाई आत आला. पोराच्या शाळेचे पैसे भरायचे होते, पाचशे रुपये उचल हवी होती. मी म्हणालो, "बघू, मंगळवारी मीटिंग आहे, विषय काढतो."

तो "बरं साहेब" म्हणाला आणि माझा झगा हँगरला लावायला लागला.

झगा त्याच्या हातात, याकोबाचं पत्र टेबलावर अजून उघडं, आणि मी म्हणतोय बघू. मला तेव्हाच लाज वाटली असं म्हटलं तर खोटं होईल. रात्री जेवताना बायकोने विचारलं, "त्याला पाचशे दिलेत ना?" तेव्हा वाटली.

मंगळवारी विषय काढला. पगारवाढ मंजूर व्हायला चौदा महिने लागले. दर बैठकीत तेच: "फंडात पैसे नाहीत", "त्याला राहायला खोली दिली आहे की", आणि सगळ्यात हमखास, "साहेब, हे देवाचं काम आहे, ही सेवा आहे, याला पगार म्हणून बघू नये." सेवा हा आपल्या मंडळ्यांमधला फार गोड शब्द आहे, आणि तो नेहमी कमी पैसे मिळणाऱ्याला ऐकवला जातो. याच चौदा महिन्यांत नवीन साउंड सिस्टिमचे एक लाख ऐंशी हजार एका बैठकीत मंजूर झाले. ती कमिटी वाईट माणसांची नव्हती. माझ्या ऑपरेशनच्या वेळी याच लोकांनी रात्री जागवल्या. त्यांनी शिपायाला मजूर म्हणून कधी पाहिलंच नव्हतं, आणि पाच वर्षं सही करूनही मी पाहिलं नव्हतं.

तो निवृत्त झाला तेव्हा पगार ७८०० होता, नोकरी २३ वर्षं. तेव्हा ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लागायचा. आमच्याकडे तीन. कायद्याने काही देणं लागत नव्हतं. तरी त्याच हिशेबाने द्यायचं ठरवलं: पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २३. एक लाख साडेतीन हजार होतात. निरोपाच्या कार्यक्रमात मी चेक दिला, फोटो निघाला. तो मागे पोरांना खाऊ वाटत होता, तिथून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे पुढचं झालं. पण आधीच्या वर्षांत जे कमी दिलं, त्याचं काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. बायबलातल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणून सांगितलं होतं. आम्ही कायदा लागू नसताना एकपट दिलं आणि त्याचा फोटो काढला.

आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मी ही म्हण जरा वेगळ्या अर्थाने घेतो. प्रार्थनेचं सोंग येतं, अश्रूंचं येतं, नम्रतेचं तर फारच छान येतं. महिन्याच्या सात तारखेला कुणाच्या हातावर किती ठेवले, तिथे मात्र येत नाही. म्हणून उपासनेबाहेरचा विश्वास कुठे शोधायचा असं कुणी विचारलं की मी आधी पैशाकडे बोट दाखवतो. प्रेम, क्षमा, साक्ष वगैरे त्यानंतर. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या तुकोबांबद्दल देहूची परंपरा काय सांगते? लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं दोघा भावांत वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. अभंगांच्या वह्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, खतांची गोष्ट मागे पडते. भजनाला बसण्याआधी माणसाने सावकारी बुडवली.

आता मावशींकडे येऊ. पगार, सुट्टी, आजारपण हे झालंच. पण तुमच्या घरी त्यांचा चहाचा कप कुठे असतो? रागावू नकोस, मी घरोघरी भेटी दिलेल्या आहेत. ओट्याच्या खालच्या फळीवर, पालथा घातलेला, कान तुटलेला किंवा उभी चीर गेलेला एक कप असतो. तो टाकून देत नाहीत, कारण तो 'त्यांचा' असतो. असा कप मी ख्रिस्ती घरांतही पाहिलाय, भिंतीवर 'ख्रिस्त या घराचा मस्तक' अशी पाटी असलेल्या घरात पाहिलाय. पंचहौदच्या चहाची गोष्ट आपण किती मिटक्या मारत सांगतो! १८९० साली गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पुण्यातले मोठमोठे लोक चहाबिस्किटं घेतात, त्यात रानडे, त्यात लोकमान्य टिळक, मग गोपाळराव जोशी ती नावं फोडतात आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून गावभर गहजब, ग्रामण्य (जातीबाहेर टाकायचा खटला), प्रायश्चित्त. आम्ही ख्रिस्ती लोक हसतो, बघा हे कसे होते म्हणून. हसून झालं की स्वयंपाकघरात त्या फळीकडे एकदा बघावं.

जातीचं म्हणशील तर त्यावर वेगळं लिहायला हवं, इथे दोनच वाक्यं. स्थळ बघताना आपल्यात 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारतात तेव्हा तो प्रश्न गावाबद्दल नसतो. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन खाऊनपिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, त्यावर पौलाने लिहिलं की तुम्ही जे खाता ते प्रभुभोजन नव्हेच.

एका बाबतीत मात्र मी तुला घाईने बोट दाखवू देणार नाही. काही घरं कागदावर एक आणि रविवारी एक असतात, हे तू पाहिलं असशील. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. बाप्तिस्म्याने जात पुसली, पण गावातली विहीर पुसली नाही, आणि सर्टिफिकेट तेवढं जातं. अशा घरातल्या पोराने दाखला जपला तर त्याला ढोंगी म्हणायला तरुण लोक फार पटकन तयार होतात, विशेषतः ज्यांच्या आजोबांना मिशनच्या शाळेत नोकरी मिळाली होती ते. मी नाही म्हणत. चूक-बरोबर त्याचं आणि देवाचं. ज्याची भाकरी जाते त्याचं लपवणं आणि ज्याला टाळ्या मिळतात त्याचं दाखवणं मला एका तागडीत घालता येत नाही.

उपासनेबाहेर जगलेला विश्वास बघायचा असेल तर एका शनिवारी दौंडची गाडी पकड आणि केडगावला उतर. पंडिता रमाबाईंबद्दल आपण नाताळच्या स्मरणिकेत दोन परिच्छेद छापतो आणि विसरतो. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, दुसऱ्या वर्षी ते पुण्यात. एवढं सगळं करत असताना, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, खुद्द ख्रिस्त मिळायचा आहे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि त्यानंतर काय केलं? मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, १८९६-९७ मध्ये, तिकडे जाऊन भुकेने वाळलेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या मुली गावात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतावर नेल्या. तिथे विहिरी, शेती, गोठा, माग, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या बायकांसाठी कृपासदन. आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही तिथल्या मुलींनीच छापलं.

मला त्यांची १८९७ ची एक गोष्ट जास्त भावते. प्लेगच्या बंदोबस्तात आणि इस्पितळांत बायकांचे जे हाल होत होते त्यावर त्यांनी उघड पत्र लिहिलं, मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात. सरकार इंग्रजांचं, म्हणजे 'आपल्या' धर्माचं. मदतीचा पैसा परदेशातून येणारा. पुण्यातले सनातनी आधीच त्यांच्यावर तुटून पडलेले, त्यांच्या हाती कोलीत मिळणार हे दिसत असताना. गव्हर्नरांनी त्यांचं म्हणणं धुडकावून लावलं. गप्प बसल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं, प्रार्थना तर त्या रोज पहाटे करतच होत्या.

रमाबाईंचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, 'आम्ही काय रमाबाई आहोत?' बरोबर आहे. तुला कुणी केडगाव वसवायला सांगत नाही. पण एक खबरदारी घे: उपासनेबाहेर म्हटलं की तरुण संघ लगेच ब्लँकेटवाटप काढतो. डिसेंबरात पुणे स्टेशनबाहेर झोपलेल्या माणसाला रात्री अकराला उठवून, फ्लॅशमध्ये त्याचे डोळे दिपवून ब्लँकेट देतात. मी एकदा हिशेब मागितला होता. फ्लेक्स, टी-शर्ट आणि नंतरचं जेवण मिळून जेवढे झाले तेवढ्यात आणखी चाळीस ब्लँकेटं आली असती. वाटू नका असं म्हणत नाही, थंडी खरी असते. पण तो दुसऱ्या प्रकारचा भोपळाच आहे.

आता तुझे तीन प्रश्न.

चर्च सोडू का? सोडलंस तर मी तुला पापी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचे काही फार सरळ लोक वर्षानुवर्षं चर्चला जात नाहीत. पण सोडायचं तर थकलीस म्हणून सोड, 'मी त्यांच्यासारखी नाही' म्हणून सोडू नकोस. लूकच्या गोष्टीतला परूशी देवळात उभा राहून नेमकं हेच म्हणाला होता, मी या जकातदारासारखा नाही. हेच वाक्य चर्चच्या बाहेर उभं राहून म्हटलं तरी माणूस परूशीच राहतो. काही महिने मागच्या बाकावर बस. गायन मंडळातून सुट्टी घे, संडे स्कूल दुसऱ्या कुणाला दे. काहीही न करता नुसतं बसायची तुला गरज आहे असं मला पत्रावरून वाटलं.

सोमवारी करायचं काय? आधी स्वतःच्या कागदांपासून सुरुवात. तू नोकरीला आहेस. जानेवारीत ऑफिसात कर वाचवायला भाडेपावत्या देतेस का? राहतेस आईवडिलांकडे, एक रुपया भाडं देत नाहीस, आणि पावत्या पप्पांच्या सहीच्या, पप्पांच्या पॅन नंबरसकट? देत नसशील तर माफ कर. पण मी जितक्या तरुणांना हे विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी खाली बघितलं, आणि दोघांनी विचारलं, "पास्टर, याचा विश्वासाशी काय संबंध?" याच मुलांनी तरुण संघात भ्रष्टाचारावर नाटिका बसवली होती, आणि चांगली बसवली होती.

मग मावशींचे साडेचारशे. हे पैसे तू तुझ्या पगारातून गुपचूप देऊ नकोस. मोह होईल, सोपं आहे, पण त्याने मावशींवर तुझं ओझं होतं आणि पप्पा तिथल्या तिथेच राहतात. पप्पांशी बोल. बायबल काढू नकोस. पंचाला मुलीने वचन ऐकवलं की तो पंच होतो, बाप राहत नाही. वचनावर तो तुला हरवेल, सोळा वर्षांचा सराव आहे त्याला. साधं विचार, "पप्पा, तुम्हाला टायफॉइड झाला होता तेव्हा कंपनीने पगार कापला होता का?" कापला नसणार. मग गप्प बस. माझ्या अनुभवात बापमाणूस अशा वेळी चिडतो, पेपर उघडतो, आणि दोनतीन दिवसांनी दुसऱ्याच कुठल्या कारणाने पैसे देऊन टाकतो. 'दिवाळीचे राहिले होते' वगैरे. देऊ दे. कबूल करून घेऊ नकोस. जमलं तर पुढच्या महिन्यापासून महिन्याच्या चार सुट्ट्या आणि आजारपणाचे दिवस कापायचे नाहीत हे घरात एकदा ठरवून टाका, म्हणजे दर वेळी कुणाच्या दयेचा प्रश्न येत नाही. कप तू स्वतः बदलू शकतेस, त्याला मीटिंग लागत नाही.

राहिले काका. खोल्यांचा वाद वकिलाचा आहे, त्यात मी पडत नाही. खोल्या कुणाच्या नावावर आहेत आणि आजोबांनी तोंडी काय सांगितलं होतं, हे मला माहीत नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असणार, सहसा असतं. पण येशूने एक फार अडचणीची गोष्ट सांगून ठेवली आहे. तू वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. 'तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध' असं नाही म्हटलेलं, नीट वाच. म्हणजे चूक कुणाची हा मुद्दाच उरत नाही. आणि दान तिथेच ठेवून जा म्हणजे उपासना अर्धी टाकून, सगळ्यांच्या देखत उठून जा. चौतीस वर्षांत असं उठून जाताना मी एकच माणूस पाहिला. बाकी आम्ही सगळे नंतर बघू म्हणून प्याला ओठाला लावतो.

प्रभुभोजनाच्या आधी आपण एकमेकांना 'शांती असो' म्हणतो, हातात हात देतो. मी वेदीजवळून ते वर्षानुवर्षं बघत आलोय. बोलत नसलेले लोक त्या अर्ध्या मिनिटात किती कामात असतात! मागच्या तीन रांगांशी हात मिळवतील, लहान पोरांच्या डोक्यावर हात ठेवतील, चष्मा पुसतील, आणि एक बाजू अचूक टाळतील. तुझे पप्पा आणि काका कुठल्या बाजूला बसतात ते मला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. त्यांची तू पंचाईत करू नकोस, त्यांना एकमेकांसमोर ढकलू नकोस. पण काकांशी तुझा स्वतःचा काही वाद नाही ना? सात वर्षांपूर्वी तू एकवीस वर्षांची होतीस, खोल्यांच्या भांडणात तुझी सही नव्हती. मग या रविवारी ते अर्धं मिनिट तुझंच आहे. मागच्या बाकावरून उठायला जरा लांब पडेल, तेव्हा गीत संपत आलं की निघ.